मालक भरती झाला तर मोत्याचं काय?

कुत्रं आजारी पडलं तर कुठं न्यायचं, हे पाळणाऱ्यांना ठाऊक असतं. मालकच आजारी पडला तर कुत्र्याकडं कोण बघणार, याचा विचार मात्र फारसा कुणी करत नाही. मग शेजारी साखळी धरून आमच्याकडं, जनावरांच्या दवाखान्यात येतात. "काकांना अॅडमिट केलंय. हा दोन दिवस जेवत नाहीये." लस कधी टोचली? माहीत नाही. औषध काही चालू होतं? "एक पांढरी गोळी द्यायचे बहुतेक." आता पांढऱ्या गोळीवरून काय ओळखायचं? ती फिटची असेल आणि एकदम बंद झाली, तर झटके पूर्वीपेक्षा जोरात येऊ शकतात.

म्हणून एक कागद आजच लिहा आणि फ्रिजवर चिकटवा. जनावराचं नाव, वय, तारीख घालून वजन, कारण औषधाचा डोस वजनावर ठरतो. गोळीचं नाव पाकिटावरून बघून लिहा, किती आणि केव्हा तेही लिहा. लसीकरणाची वही त्याच्याजवळच टांगा. वहीत लशीच्या बाटलीवरचं लेबल चिकटवलेलं आहे ना, ते एकदा बघून घ्या. घरात मांजर असेल तर ठळक अक्षरांत लिहा : पॅरासिटामॉल देऊ नये. कणकण वाटली म्हणून मायेनं दिलेली ती गोळी मांजराच्या जिवावर बेतते.

डॉक्टर जवळचा धरा. मुंबईकरांना परळचं बैलघोडा हॉस्पिटल माहीत असतं, एकोणिसाव्या शतकापासूनचं. मोठ्या उपचारांना अशी ठिकाणं हवीतच. पण रात्री धाप लागली तर ज्यानं ते जनावर आधी तपासलंय असा गल्लीतला डॉक्टर उपयोगी पडतो. खेड्यात सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. तिथं फक्त गाई-म्हशीच बघतात, हा गैरसमज आहे.

आता मालकाच्या पश्चात काय, ते बघू. कायद्याच्या लेखी कुत्रं ही मालमत्ता. त्याच्या नावावर पैसे ठेवता येत नाहीत. मृत्युपत्रात सांभाळणाऱ्या माणसाचं नाव घाला आणि त्यासाठीची रक्कम त्या माणसाला द्या. दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणी सक्तीची नाही. २०२४ मध्ये रतन टाटा गेले, तेव्हा त्यांच्या टिटो या कुत्र्याच्या सांभाळाची जबाबदारी मृत्युपत्रात स्वयंपाक्याकडं दिल्याच्या बातम्या आल्या होत्या. ही निवड मला फार शहाणपणाची वाटते. कुत्रं ज्याच्या हातचं खातं, त्याच्याकडंच ते रुळतं. आपण मात्र "मुलगा बघेल की" म्हणून मोकळे होतो. मुलगा दुसऱ्या शहरात, सून कुत्र्याला घाबरते, आणि त्यांना विचारलेलं कुणीच नसतं!

शिवाय मृत्युपत्र उघडायला दिवस जातात. कुत्र्याला त्याच संध्याकाळी भूक लागते. तेव्हा घराची किल्ली आणि महिनाभराच्या खर्चाचे पैसे त्या माणसाकडं आधीच असू द्या, आणि त्याला जमलं नाही तर दुसरं कोण, तेही ठरवा.

पुढच्या लशीला तुम्ही घरी थांबा, सांभाळणाऱ्या त्या माणसाला एकट्यालाच कुत्रं घेऊन दवाखान्यात येऊ द्या. साखळी आवरते का, टेबलावर तोंड धरू देतं का, ते तिथंच कळेल. त्याचा फोन नंबर आम्ही केसपेपरवर तुमच्या नंबराखाली लिहून घेऊ.