थांबलेल्या चित्रांतलं प्रेम



प्रेमकथेवरचा चित्रपट बघून आलेल्या माणसाला विचारा, तो गोष्ट सांगेल. तो कोण, ती कोण, मध्ये कोण आलं, शेवटी काय झालं. गाणीही सांगेल. कॅमेरा कुठे होता, कात्री कुठे लागली, आवाज कधी बंद झाला, हे सहसा कुणी सांगत नाही. आज आपण तेवढंच बघू. त्यासाठी मी निवडला आहे 28 मिनिटांचा एक फ्रेंच लघुपट, क्रिस मार्कर यांचा 1962 सालचा 'ला जेते'. विज्ञानकथा म्हणून तो प्रसिद्ध आहे. माझ्या लेखी तो आधी प्रेमपट आहे, आणि त्यातलं प्रेम संवादांनी नव्हे तर तंत्राने उभं केलेलं आहे.

गोष्ट थोडक्यात सांगतो. पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावर रविवारी आईवडील मुलांना विमानं दाखवायला आणतात. तिथल्या सज्जावर एका लहान मुलाला एका स्त्रीचा चेहरा दिसतो आणि पाठोपाठ एक माणूस कोसळताना दिसतो. पुढे तिसरं महायुद्ध होतं, पॅरिस बेचिराख होतं, वाचलेले लोक भुयारात राहू लागतात. तिथे कैद्यांना काळात मागे पाठवण्याचे प्रयोग चालतात. कुणी मरतं, कुणी वेडं होतं. आपल्या नायकाची निवड होते ती बालपणीचा तो चेहरा त्याच्या मनातून पुसला गेलेला नाही म्हणून. तो मागे जातो आणि ती त्याला भेटते.

आता तंत्राकडे येऊ. हा जवळजवळ सगळा चित्रपट स्थिर, कृष्णधवल छायाचित्रांचा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर इटली-फ्रान्समध्ये फोटोंच्या चौकटींतून प्रेमकथा सांगणारी स्वस्त मासिकं भरपूर खपत. मार्कर यांनी श्रेयनामावलीत आपल्या चित्रपटाला त्याच प्रकाराचं नाव दिलं आणि त्या हलक्या मानल्या गेलेल्या प्रकारातून एक गंभीर कृती घडवली.

पण फोटोच का? कारण ही आठवणीतली प्रेयसी आहे, आणि आठवण सलग नसते. मान वळवलेली ती, हसलेली ती, उन्हात उभी असलेली ती, असे तुकडेच आपल्या हाती उरतात. लग्नाचा अल्बम चाळताना दोन फोटोंच्या मधलं सगळं आपण मनाने भरून काढतो, तसंच इथे होतं. त्या दोघांचं चालणं पडद्यावर नाहीच, ते आपल्या डोक्यात घडतं. प्रेक्षकालाच प्रेमाचं निम्मं काम करायला लावणारा दिग्दर्शक मला फार हुशार वाटतो.

संकलनही बघा. चालत्या चित्रात एखादी हालचाल संपली की दृश्य संपवण्याला निमित्त मिळतं. फोटोला असं निमित्त नसतं. तो किती वेळ ठेवायचा हे सर्वस्वी संकलक ठरवतो. सेकंदाला 24 चौकटी या हिशेबाने एक फोटो तीन सेकंद दाखवायचा, तर तीच चौकट 72 वेळा जाते. म्हणजे इथे प्रत्येक क्षणाची लांबी मुद्दाम मोजून दिलेली आहे. भुयारातल्या फोटोंत गडद सावल्या, डोळ्यांवर पट्टी, वायरी. भूतकाळात मात्र दिवसाचा उजेड, बागा, रस्ते. प्रेम कुठे आहे हे प्रकाशच सांगतो.

आवाजाची योजना तर आणखी धाडसी आहे. प्रेमी एकमेकांशी बोलताना आपल्याला एकदाही ऐकू येत नाहीत. झाँ नेग्रोनी यांचा निवेदक सगळं तृतीय पुरुषात सांगतो. ऐकू येते ती प्रयोग करणाऱ्यांची जर्मन भाषेतली कुजबुज आणि हृदयाचे ठोके. यातना कानाशी येते, प्रेम मात्र दुरून, कुणीतरी सांगितलेलं कळतं. एका प्रसंगी दोघं झाडाच्या कापलेल्या बुंध्यासमोर उभी राहतात. त्यावरच्या वलयांवर इतिहासाच्या तारखा आहेत. तो बुंध्याबाहेरच्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवतो आणि आपण तिथून आलो म्हणतो. हा हिचकॉकच्या 1958 सालच्या 'व्हर्टिगो'ला केलेला उघड सलाम आहे. पण हिचकॉकची नायिका वलयांवर बोट ठेवते, मार्करचा नायक वलयांच्या पलीकडे. भविष्यातून आलेल्या माणसाचं दुःख तेवढ्या एका हावभावात मावतं.

आणि मग तो प्रसिद्ध प्रसंग. ती झोपलेली आहे. तिच्या चेहऱ्याचे फोटो एकात एक विरघळत जातात. पक्ष्यांचा किलबिलाट वाढत जातो, फोटोंमधलं अंतर कमी होत जातं, आणि ती डोळे उघडते. खरोखर उघडते, पापण्या लवतात. संपूर्ण चित्रपटातलं हलतं दृश्य हे एवढंच, काही सेकंदांचं. एलेन शातलँ या अभिनेत्रीने पापणी हलवण्यापलीकडे त्यात काही केलेलं नाही. पण तोवर हालचालीची इतकी भूक लागलेली असते की ती पापणी एखाद्या मिठीएवढी मोठी वाटते. लगेच कट येतो आणि समोर प्रयोगप्रमुखाचा चेहरा. सुख हिरावून घ्यायला मार्कर यांना एका कटपेक्षा जास्त काही लागत नाही.

शेवटी नायक त्याच सज्जावर तिच्याकडे धावतो, पण हे धावणंही फोटोंतच आहे. प्रत्येक चौकटीत पाय उचललेला, प्रत्येक चौकटीत तो जागीच. बालपणी आपण ज्याला कोसळताना पाहिलं तो आपणच होतो, हे त्याला कळतं तेव्हा या तंत्राची अपरिहार्यता आपल्याला कळते. थांबलेल्या चित्रातला माणूस कुठेही पोहोचू शकत नाही.

1995 साली टेरी गिलियम यांनी या कथेवरून '12 मंकीज' हा पूर्ण लांबीचा चित्रपट केला. त्यात तारे-तारका आहेत, भव्यता आहे. पण पापणी लवण्याची किंमत तिथे उरत नाही, कारण तिथे सगळंच हलतं.

समोर बसलेल्या तरुण मंडळींना मुद्दाम सांगतो. तुमच्या खिशातल्या फोनमध्ये स्लो मोशन आहे, ड्रोन भाड्याने मिळतो, पार्श्वसंगीत फुकट मिळतं. लघुपट करायला बसाल तेव्हा काय काय घालता येईल याची यादी आधी करू नका. आपल्या प्रेक्षकापासून कोणती एक गोष्ट शेवटपर्यंत राखून ठेवायची आणि नेमकी कधी द्यायची, हे आधी ठरवा. आणि 'ला जेते' दोनदा बघा: एकदा नेहमीसारखा, एकदा आवाज बंद करून. मग पटकथेचा पहिला कागद पुढे ओढा.