लेखकाने वाचक कसा जोडावा
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आपल्या ज्ञातीत लिहिणाऱ्या मुलामुलींची संख्या अलीकडे बरीच वाढली आहे, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु त्या सर्वांची तक्रार एकच असते: "आम्ही लिहितो, पण वाचतो कोण?" या विषयावर मी बोलावे, अशी चिटणीसांनी आज्ञा केली. माझा अधिकार इतकाच की, मी एके काळी थोडे वाचक मिळविले होते आणि ते गमावलेही.

1848 साली लोकहितवादींनी भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' पत्रात पत्रे लिहावयास आरंभ केला. 1850 पर्यंत ती 108 झाली. तोच मजकूर जाड ग्रंथाच्या रूपाने एकदम पुढे आला असता, तर त्या काळी तो कितीजणांनी उघडला असता? पत्र लहान असते, एका बैठकीत संपते आणि लवकरच पुन्हा दाराशी येते. वाचक जोडण्याचे निम्मे इंगित मला यात दिसते.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 1874 च्या जानेवारीत 'निबंधमाला' काढली, तेव्हा ते सरकारी शाळेत शिक्षक होते. पुढे तिचे 84 अंक निघाले आणि त्यांतील बहुतेक सर्व मजकूर त्यांच्या एकट्याच्या लेखणीचा होता. हे यश आकाशातून पडले नाही. त्यापूर्वी ते 'शालापत्रका'त लिहीत असत, आणि ते पत्र शाळामास्तरांच्या हाती जाई. म्हणून नव्या लेखकाने अनोळखी जगाची दारे ठोठावण्यापूर्वी, आपला आवाज आधीच कोणाच्या कानी पडलेला आहे, याचा शोध घ्यावा.

हरिभाऊ आपटे यांनी तर याहून पुढची गोष्ट साधली. 1890 साली त्यांनी साप्ताहिक काढले आणि त्यास नाव दिले 'करमणूक'. नाव किती निरुपद्रवी! त्यात क्रमशः येऊ लागली ती मात्र 'पण लक्षांत कोण घेतो' ही कादंबरी. (आपल्या तरुण लेखकांची तक्रारच त्या शीर्षकात आहे, हे आपल्या ध्यानी आले असेल.) यमू नावाची बाई आपली कर्मकहाणी स्वतःच्या तोंडाने सांगते. विधवांच्या स्थितीवरील निबंध ज्याने दूर लोटला असता, तो गृहस्थही यमूचे पुढे काय झाले, म्हणून पुढच्या अंकाची वाट पाहू लागला असेल. घरात तो अंक मोठ्याने वाचला जात असता माजघरात कोणी काम थांबवून ऐकले नसेल काय? हरिभाऊंनी वाचकाची मनधरणी केली नाही. त्याला वाट पाहावयास लाविले.

आता थोडे कटू बोलतो, क्षमा असावी. आपल्या ज्ञातीतील कोणाचे पुस्तक निघाले की मंडळ काही प्रती घेते, समारंभ होतो, बक्षिसे म्हणून त्या वाटल्या जातात आणि कपाटात जातात. माझ्या कपाटात अशी चार पुस्तके आहेत. त्यांपैकी दोन मी अद्याप उघडलेली नाहीत, हे या व्यासपीठावरून कबूल करतो. भिडेखातर घेतलेल्या प्रतीने छपाईचा खर्च निघतो, परंतु वाचक निर्माण होत नाही. आणि लेखकाची मात्र तसा समज होऊन फसगत होते.

माझी झाली. 1971 साली मी एक लहानसे मासिक काढले. वर्गणीदार 160, त्यांतील बहुतेक आप्त, स्नेही आणि ज्ञातिबंधू. त्यात मी स्वतः एक कादंबरी क्रमशः लिहीत असे. दुसऱ्या वर्षी वर्गणीसाठी व्ही. पी. धाडल्या, त्या गठ्ठ्यांनी परत आल्या. मी खट्टू झालो. अंकांस उशीर होऊ लागला. अशात खानदेशातील एका खेड्यातून, ज्यांची माझी काहीच ओळख नव्हती अशा एका शिक्षकांचे पोस्टकार्ड आले. अंक बारा दिवस झाले तरी आला नाही, घरातील मंडळी रोज विचारतात, कथेतील धाकट्या बहिणीचे लग्न ठरले की मोडले, तेवढे तरी कळवावे, असे त्यांनी लिहिले होते.

मी त्या वेळी परत आलेल्या व्ही. पी. मोजीत बसलो होतो. या एका कार्डाचे मोल मला कळले नाही. उत्तर लिहिले नाही आणि दोन महिन्यांनी मासिक बंद केले. ज्या मुलामुलींना आज माझा सल्ला हवा आहे, त्यांना मी एवढेच सांगतो की, महिन्याला एकच पान लिहा, पण ठरल्या तारखेस लिहा. आणि अनोळखी माणसाचे पत्र आले तर त्याच दिवशी उत्तर द्या.

गेल्या वर्षी जुने कागद आवरताना ते कार्ड सापडले. त्या कथेचे राहिलेले प्रकरण मी लिहून काढले आणि कार्डावरील पत्त्यावर पाठविले. तीन आठवड्यांनी पाकीट परत आले. त्यावर पोस्टमनने निळ्या शाईने लिहिले होते की, या नावाचे कोणी आता येथे राहत नाही. कार्ड आणि पाकीट दोन्ही मी आज सोबत आणली आहेत. सभा संपल्यावर ज्यांना पाहावयाची असतील, त्यांनी अवश्य पाहावीत.