वकील येईपर्यंत अंगठा नाही

(बदलापूर येथे पाडा कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण. पाड्यावर वाचून दाखवावे.)



आज कोर्टाचं बोलायचं आहे. पण ऐकता ऐकता तुमच्या ध्यानात येईल, हे बोलणंही जमिनीचंच आहे.

आपल्या अंबरनाथ-बदलापूरच्या पाड्यांवर केस कशी होते ते सगळ्यांना ठाऊक आहे. पावसाच्या तोंडाला नांगर धरला की फॉरेस्टवाले येतात. औत जप्त, कोयता जप्त. मग कागद काढतात. म्हणतात, इथं अंगठा कर, दंड भर, घरी जा. नाहीतर उल्हासनगरच्या कोर्टात उभं करतात. तिथं साहेब विचारतात, गुन्हा कबूल आहे का? रोज बुडालेला, पोरं घरी उपाशी, बरोबर वकील नाही. आपण म्हणतो, कबूल. दंड भरतो आणि सुटतो. आपल्याला वाटतं, मिटलं.

ते मिटत नाही. त्या कागदावर काय लिहिलंय ते आपण वाचलेलं नसतं. 'यंदा झाडं तोडून नवीन अतिक्रमण केलं' असं लिहिलेलं असेल, तर बाप-आज्यापासून कसलेली जमीन कागदावर कालची होते. वनहक्क कायदा म्हणतो, 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन कसत असलेल्या आदिवासीला हक्क. उद्या आपला दावा प्रांतांच्या समितीपुढे गेला की तोच अंगठा आडवा येतो. दंड पाचशेचा, आणि जाते ती जमीन.

दुसरी गोष्ट नीट ऐका. पोलिसापुढे दिलेली कबुली कोर्टात पुरावा धरत नाहीत. फॉरेस्टवाल्यांचं तसं नाही. कायद्याच्या भाषेत ते पोलीस नाहीत. त्यांच्यापुढे दिलेला जबाब कोर्टात आपल्यावर आणता येतो. म्हणून आपलं नाव, गाव सांगा. बाकी जबाब वकिलाला विचारून देऊ म्हणा. कोऱ्या कागदावर, न वाचलेल्या कागदावर अंगठा नाही. अंगावर धावून जायचं नाही, शिवी द्यायची नाही. सरकारी कामात अडथळा केला म्हणून दुसरी केस लागते.

कोणी म्हणेल, वकील ही पैसेवाल्याची गोष्ट. तसं नाही. राज्यघटनेच्या 22 व्या कलमात लिहिलंय, अटक झालेल्या माणसाला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घ्यायचा हक्क आहे, आणि प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभं केलं पाहिजे. पैसे नसले तर सरकारनं वकील द्यायचा. 1987 च्या विधी सेवा कायद्याच्या 12 व्या कलमाप्रमाणे आदिवासीला, कोणत्याही बाईला, आणि अटकेत असलेल्या कोणालाही फुकट वकील मिळतो. उत्पन्न किती ते विचारायचं नाही. आपल्या कातकरी भावांकडे पुष्कळदा जातीचा दाखला नसतो. तरी घाबरू नका, माणूस कोठडीत आहे एवढं कारण पुरतं.

हे आपोआप झालेलं नाही. 1983 साली मुंबईच्या कोठड्यांतल्या बायकांचे हाल शीला बर्से या पत्रकार बाईंनी सुप्रीम कोर्टापुढे मांडले. तेव्हा कोर्टानं सांगितलं, अटक झाली की पोलिसांनी जवळच्या विधी सहाय्य समितीला कळवायचं. 1986 साली अरुणाचलातल्या सुकदासच्या केसमध्ये वकिलाशिवाय झालेली शिक्षा कोर्टानं रद्द केली. आरोपीनं वकील मागितला नव्हता, असं सरकारचं म्हणणं होतं. कोर्टानं विचारलं ते असं, की ज्याला हक्क आहे हेच ठाऊक नाही तो मागणार कसा? आता आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा मॅजिस्ट्रेटपुढे उभं केलं की मोठ्यानं एवढंच म्हणायचं: साहेब, मला वकील नाही, सरकारी खर्चानं वकील द्या, तो आल्याशिवाय मी कबूल-नाकबूल सांगणार नाही. गुन्हा झाला असेल तरी हेच म्हणायचं. चूक किती, शिक्षा किती, हे सांगायलाही वकील लागतोच.

आता वकील धरायचा कसा? पोलीस ठाण्याच्या दारात, कोर्टाच्या झाडाखाली दलाल उभे असतात. 'साहेब ओळखीचे आहेत' म्हणणाऱ्याला पैसा देऊ नका. आधी विधी सेवा समितीचं ऑफिस विचारा. ते तालुक्याच्या कोर्टात असतं, जिल्ह्याचं ठाण्याला. तिथून मिळालेल्या वकिलाला फी द्यायची नाही. खाजगी वकील केला, तर दोन माणसांसमोर ठरवा: एवढी फी फक्त जामिनाची, की केस संपेपर्यंतची? पावती मागा. वकीलपत्र वाचून घेतल्यावरच सही करा. वकिलाचं नाव, फोन, केस नंबर आणि पुढची तारीख घरच्या भिंतीवर लिहा. वकील येतच नसेल तर बदलून मागता येतो. बकरी विकून, सावकाराकडे जाऊन वकील करायची वेळ आणू नका. आधी पाड्याला सांगा.

जामीनदाराचं भय असतं, कारण आपल्याकडे सातबारा नाही. पण जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीनदार मिळाला नाही, तर कोर्टानं त्याला गरीब समजून जातमुचलक्यावर सोडायचं असतं. हे वकिलाला आठवण करून द्या.

दिवाळीनंतर आपण वीटभट्टीवर जातो. तारीख चुकते आणि वॉरंट निघतं. केस साधी असते, पण वॉरंटानं माणूस आधारवाडीच्या जेलात जातो. भट्टीवर जायच्या आधी वकिलाला सांगा, हजेरीमाफीचा अर्ज द्यायला लावा. तारखेच्या दिवशी फोन करा.

शेवटचं. केसचे कागद जाळू नका, चुलीवरच्या फळीवर टाकू नका. जुन्या दंडाच्या पावत्या, पंचनामे, कोर्टाचे निकाल, हे वनहक्क दाव्यात पुरावा म्हणून चालतात. 1990 साली तुमच्या आज्याला त्याच जागेवर दंड झाला असेल, तर 1990 साली तो तिथं कसत होता हे फॉरेस्टनंच लिहून दिलंय! आपल्यावर लिहिलेला कागद असा आपल्या बाजूनं उभा राहतो, जपला तर. नक्कल मागा, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, एक प्रत वनहक्क समितीकडे द्या.

म्हणून आज इथं ठरवू या. प्रत्येक पाड्यानं दोन माणसं नेमायची, एक बाई, एक गडी. कुणालाही उचललं की त्या दोघांनी त्याच दिवशी ठाण्यात जायचं, कुठल्या कलमाखाली धरलंय ते विचारून लिहून घ्यायचं, विधी सेवा समितीकडे अर्ज टाकायचा आणि संघटनेला कळवायचं. तारखेला आरोपी एकटा जाणार नाही. त्याचा त्या दिवसाचा रोज पाड्यानं वर्गणी काढून भरायचा, म्हणजे 'कबूल' म्हणायची पाळी येणार नाही.

नेमलेल्या दोघांची नावं पुढच्या बैठकीला घेऊन या.

जिंदाबाद!