मांडव्य ऋषींचा सवाल

श्रोतेहो, आदिपर्वात मांडव्य ऋषींची कथा आहे. चोरांनी लूट आश्रमात लपवली, ऋषी मौनात. राजानं त्यांनाच सुळावर चढवलं! पुढे ऋषींनी यमधर्माला विचारलं, "माझा अपराध कोणता?" यम म्हणाला, "लहानपणी आपण किड्यांना काडी टोचली होती." ऋषी कडाडले, "अजाण पोराला एवढा दंड? आजपासून चौदा वर्षांपर्यंतचं पातक धरायचं नाही!" त्या शापानं साक्षात यमधर्म दासीपुत्र विदुर होऊन जन्मला.

आता महालातून जरा वर्धा रोडवर चला. तिथल्या मध्यवर्ती कारागृहात एक कैदी होता. पुण्यातल्या १९९४ च्या हत्याकांडात त्याला फाशीची शिक्षा झालेली. कागदावर नाव चुकलेलं, वयही चुकलेलं. शेवटी गावच्या शाळेचं रजिस्टर पाहून २७ मार्च २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं मानलं, की गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. कायद्यानं जास्तीत जास्त तीन वर्षं, भोगली अठ्ठावीस!

गुन्हा घोर होता, मेलेल्यांच्या घरचं दुःखही खरं. पण चूक चित्रगुप्ताच्या नव्हे, माणसाच्या वहीत झाली. म्हणून बाबांनो, बेडी दिसली की लगेच निकाल देऊ नका. आधी विचारा, याचं म्हणणं कुणी नीट लिहून घेतलं का? यमालाही हा जाब चुकला नाही, मग आपली काय कथा!

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!