कॉमर्सच्या मुलांचा कॉम्प्युटर

(रौप्यमहोत्सवी वर्षातील गुणवंत विद्यार्थी सत्कार समारंभात केलेले भाषण)



सोसायटीला पंचवीस वर्षं पूर्ण झाली, त्याबद्दल आपणा सर्वांचं अभिनंदन. मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. बँकेतला माणूस आहे, तेव्हा हिशेबातच बोलेन.

मध्यंतरी आपल्याच एका सभासदांनी मला विचारलं, "काका, मुलगी बारावी कॉमर्स झाली. बीसीएला घालावं म्हणतोय. पण त्याला इंजिनिअरिंगसारखं वजन आहे का? आणि कॉमर्सच्या मुलीला कॉम्प्युटर झेपेल का?" हा प्रश्न बऱ्याच घरांत असणार, म्हणून सगळ्यांसमोरच उत्तर देतो.

आधी नावांचा गोंधळ मिटवू. आपल्या शिवाजी विद्यापीठात बीसीए हा वाणिज्य आणि व्यवस्थापन शाखेतला अभ्यासक्रम. बीसीएस मात्र विज्ञानाकडचा. पुणे विद्यापीठात वाणिज्याकडच्या अभ्यासक्रमाला बीबीए (सीए) म्हणतात. त्यातला 'सीए' म्हणजे कॉम्प्युटर ॲप्लिकेशन, चार्टर्ड अकाउंटंट नव्हे! २०२४-२५ पासून बीसीए, बीबीए हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या कक्षेत आले आणि आपल्या राज्यात त्यांना सीईटीही सुरू झाली. तेव्हा प्रवेश घेण्यापूर्वी कॉलेजला मान्यता आहे का, एवढं आधी बघा.

आता मूळ मुद्दा. या शिक्षणात कॉम्प्युटर निम्मा आहे, उरलेला निम्मा व्यवहार आहे. बँकेतलं एक उदाहरण देतो.

१९८४ साली डॉ. रंगराजन समितीचा अहवाल आला आणि पुढे शाखांमध्ये लेजर पोस्टिंगची यंत्रं येऊ लागली. त्याआधी सगळं हातानं. बचत खात्यावरचं व्याज महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकेवर द्यायचो. म्हणजे रिकाम्या खात्यात कुणी १२ तारखेला २०,००० रुपये भरले, तर त्या महिन्याचं व्याज शून्य. १ एप्रिल २०१० पासून रिझर्व्ह बँकेनं रोजच्या शिलकेवर व्याज द्यायला लावलं. तेव्हाच्या साडेतीन टक्के दरानं त्याच माणसाला महिनाअखेरपर्यंतचे साधारण ३६ रुपये मिळू लागले. एका खात्यावर ही रक्कम किरकोळ, पण देशातल्या कोट्यवधी खात्यांचा विचार करा. हा हिशेब हातानं होणं शक्यच नव्हतं. कॉम्प्युटर होता म्हणून हा नियम अमलात आणता आला. पण नियम काय आहे, तो कुणाच्या फायद्याचा आहे, हे कॉम्प्युटरला कळत नाही. ते कळणारा माणूस लागतो. चुकीचा नियम घातला, तर कारकून एका खात्यात चुकेल. कॉम्प्युटर लाख खात्यांत तीच चूक बिनबोभाट करेल.

दुसरं उदाहरण आपल्या भागातलं. १९९८ साली वारणेला 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या ७० गावांत कॉम्प्युटर गेले. उसाची नोंद, तोडीची चिठ्ठी, वजन, बिल ही माहिती शेतकऱ्याला गावातच मिळावी, हा हेतू. पुढे मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी तिथं बारकाईनं पाहिलं, तेव्हा दिसलं की कॉम्प्युटरचा मुख्य वापर कारखाना आणि शेतकरी यांच्यातल्या या साध्या माहितीपुरताच होतोय. मग काही गावांत त्यांनी तेच काम मोबाइलच्या एसएमएसवर करून दाखवलं. अभ्यासक्रमात 'सिस्टिम ॲनालिसिस' नावाचा विषय असतो, तो म्हणजे हेच. आधी माणसाला काय हवंय ते विचारा, यंत्र नंतर घ्या.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा बघा. शेतकरी, अडत्या, खरेदीदार, पोती, वजन, दर, हमाली, तोलाई आणि शेवटी पट्टी. आता एका गावात एकाच नावाचे तीन पाटील निघाले, तर पट्टी कुणाच्या नावे करायची? म्हणून प्रत्येकाला वेगळा नंबर. पुस्तकात त्याला 'प्रायमरी की' म्हणतात. कॉमर्सच्या मुलीला हे झेपेल का? अहो, नावे-जमा कळणाऱ्या मुलीला यातलं निम्मं आधीच येतंय!

आपण दोन्ही गावांनी आपल्या बँका पाहिल्या. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक १९३६ची. ती २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये विलीन झाली. सांगली बँक १९१६ची. ती २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये गेली. अशा वेळी एका बँकेची खाती दुसरीच्या कॉम्प्युटरमध्ये न्यायची, म्हणजे नुसती शिल्लक न्यायची नसते. वारसाचं नाव, सहीचा नमुना, लॉकर, दरमहा कापायचा हप्ता, सगळं जसंच्या तसं पोचावं लागतं. एखादं वारसाचं नाव गळालं, तर त्याची झळ एखाद्या विधवा बाईला पुढे कधीतरी बसते. म्हणून या विषयाला मी माणसांचा विषय म्हणतो.

मुलांनो, आता एआय प्रोग्रॅम लिहून देतं, मग आम्ही शिकून काय करू, असं तुम्ही विचारता. प्रोग्रॅम ते लिहील. पण पतसंस्थेचा ताळेबंद जुळत नसेल तर कुठं बोट ठेवायचं, हे ज्याला हिशेब येतो त्यालाच समजेल. म्हणून अकाउंटन्सीचा पेपर 'पास होण्यापुरता' करू नका. शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट दुकानातून विकत आणू नका. गावातली पतसंस्था, दूध डेअरी, किराणा दुकान, कुठंही जाऊन बसा, आठ दिवस नुसतं बघा आणि मग लिहा.

आणि लांब कशाला जायचं? आपल्या सोसायटीची 'आय' आणि 'जे' नोंदवही, मेंटेनन्सची बिलं, सिंकिंग फंड, सगळं आहेच की. कमिटीला माझी विनंती आहे, मुलांना हे काम प्रोजेक्ट म्हणून द्यावं. मात्र कुणाची थकबाकी कुणी बघायची, हे कमिटीनं आधी ठरवावं. तोही अभ्यासाचाच भाग आहे. नावे-जमा शिकायची असेल त्यांनी रविवारी सकाळी माझ्याकडे यावं. फी नाही, चहा मिळेल.