दासव्यापासून फ्लॉरेन्सपर्यंत
(मुळशी तालुक्यातील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



युरोपातले एक गाव आपल्या तालुक्यात येऊन पंधरा-वीस वर्षे होत आली. लवासा या नव्याने वसवलेल्या नगरीतल्या दासव्याची रचना इटलीतल्या पोर्तोफिनो या बंदरावरून घेतलेली आहे. वरसगाव धरणाच्या पाण्याकाठी रंगीत इमारतींची रांग उभी राहिली. रविवारी माणसे येतात, फोटो काढतात आणि दिवेलागणीच्या आत घाट उतरू लागतात. इमारती आल्या, संध्याकाळ काही आली नाही. असे का झाले?

उत्तर शोधायला इटलीतल्याच फ्लॉरेन्स शहराचे उफीझी संग्रहालय घ्या. मुळात ती सरकारी कचेऱ्यांची इमारत. 1560 साली वास्तुकार वाझारीने बांधायला घेतली. फ्लॉरेन्सवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्याने तिथे कलावस्तू जमवल्या. 1737 साली या घराण्याचा शेवटचा ड्यूक निपुत्रिक वारला. तेव्हा त्याच्या बहिणीने, आना मारिया लुईझाने, नव्या राजवटीशी करार केला: घराण्याचा संग्रह फ्लॉरेन्सबाहेर जाता कामा नये. 1769 साली उफीझी लोकांसाठी खुले झाले.

संध्याकाळही तिथल्या लोकांनी अशीच पिढ्यान्‌पिढ्या राखली आहे. ऊन कलले की म्हातारीकोतारी, लेकुरवाळ्या, पोरेसोरे रस्त्यावर येतात. कुठे पोचायचे नसते, काही घ्यायचे नसते. चौकात उभ्याउभ्या गप्पा होतात, जेवण आठनंतर. आपल्याकडून तिकडे गेलेली सहल मात्र सात वाजता ‘इंडियन डिनर’ उरकून हॉटेलात शिरते. जूनमध्ये तिथे सूर्य मावळतो नऊच्या सुमारास! शहर रंगात येते तेव्हा आपण बॅगा आवरत असतो.

म्हणून सहल ठरवतानाच संग्रहालयाला अर्धा दिवस आणि मोकळी संध्याकाळ मागून घ्या. उफीझी सोमवारी बंद असते, हे ध्यानात ठेवा. आत गेल्यावर सगळी दालने पालथी घालू नका. चित्रकार बोत्तिचेल्लीच्या ‘व्हीनस’सारखी पाच-सहा चित्रे निवडा आणि रेंगाळा. चित्रातली गोष्ट लगेच कळते. हात कसा वळलाय, उजेड कुठून आलाय, हे दिसायला वेळ लागतो.

ही सवय इथेच लावून घेता येते. पौड रस्त्याने पुण्यात जा, शुक्रवार पेठेतले केळकर संग्रहालय पाहा. कवी असलेल्या दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, कोरीव दरवाजे जमवले, बालपणी गेलेल्या मुलाचे नाव संग्रहाला दिले आणि 1975 साली तो महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. फ्लॉरेन्सच्या राजकन्येने केले, तेच एका पुणेकराने पदरमोड करून केले.

आता आपले पाहू. 1921 साली मुळशीत धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले. तरी गावे पाण्याखाली गेलीच. त्या गावांतून आलेले टाक, भांडी, अवजारे, कागद कुणाच्या माळ्यावर असतील तर भंगारात घालू नका. सुरुवातीला एखाद्या शाळेतली एक खोली पुरे. इमारतीचा नकाशा बाहेरून आणता येतो. गावाची आठवण गावालाच जमवावी लागते. ती जमली, तर इथे आलेल्या पाहुण्याला संध्याकाळी थांबायला कारण मिळेल आणि आपल्याला त्याच्याशी बोलायला विषय.