नाताळ आणि तीन ओळी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मला कवितेवर चार शब्द बोलायला उभे केले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. तेव्हा वृत्ते नि अलंकार यांविषयी आपण विचारू नये आणि मी सांगू नये! पण हायकू म्हणून एक चिमुकली कविता आहे, ती स्वयंपाकघरातल्या बाईलाही जमण्यासारखी आहे.

हायकू मूळचा जपानचा. तीन ओळींचा, पाच, सात, पाच अशी १७ अक्षरे. त्यात ऋतू सांगणारा एक शब्द असावा असा जुना दंडक. मराठीत तो रुजवला शिरीष पै (१९२९–२०१७) यांनी. आपल्याकडे पुष्कळजण अक्षरे मोजीत नाहीत. मी मोजते. रोज भाकऱ्या मोजणारीला १७ अक्षरे काय जड?

आपण म्हणाल, जपानी कवितेत आमचा नाताळ कुठून आला? थोर कवी बाशो (१६४४–१६९४) याच्या काळी तिकडे ख्रिस्ती धर्मावर बंदी होती. बंदीचे फलक उतरले ते १८७३ साली. पुढे मासाओका शिकी (१८६७–१९०२) याने नाताळावर हायकू लिहिले. आज जपानी ऋतुशब्दांच्या कोशात नाताळ हिवाळ्याचा शब्द म्हणून सुखाने नांदतो आहे.

हा शिकी क्षयाने आजारी. अखेरची काही वर्षे अंथरुणालाच खिळलेला. पडल्या पडल्या जे दिसे ते लिही. हे वाचून मला धीर आला. माझे जग तरी केवढे? ओटा, अंगण, बाजार आणि चर्च.

नाताळ म्हटला की भेटकार्डावर बर्फ दिसतो. आपल्या दारात बर्फ कधी पडला आहे का? मग तो कवितेत कशाला? आपण गव्हाणीच्या देखाव्यासाठी डब्यात नाचणी पेरतो, तेच मी लिहिले :

गोठ्याच्या दारी
नाचणी उगवली
उद्या नाताळ

आता दुसरा. गेल्या पावसाळ्यात सासूबाई गेल्या. नाताळच्या करंज्यांची मुरड त्यांच्या हातची. त्यांच्याविषयी चारचौघींत बोलू गेले की कंठ दाटे. डिसेंबरात फराळ वाढताना सवयीने पाच ताटल्या मांडल्या गेल्या. त्या रात्री लिहिले :

पाच ताटल्या
करंज्या वाढताना
एक रिकामी

यात दुःख हा शब्द नाही. तो घातला असता तर ऐकणारीला करायला काही उरले नसते. आपण दिसले तेवढे सांगावे, बाकीचे तिच्यावर सोपवावे. आमच्या घरच्यांनी हे वाचले, काही बोलले नाहीत. ती ताटली करंज्यांनी भरली आणि शेजारी एकट्या राहणाऱ्या आजींकडे नेऊन दिली. आता दर सणाला ती तिकडेच जाते.

भगिनींनो, आपल्यात कुणाची दिवाळी आहे, कुणाची ईद, कुणाचा नाताळ. सणाच्या धांदलीत आपण सर्वांचे पाहतो, पण आपल्याला काय दिसले हे कुणी विचारीत नाही आणि आपणही सांगत नाही. तीन ओळींना वेळ लागत नाही. दूध उतू जायच्या आत होतात! पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या घरातल्या तीन ओळी आणाव्या, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.